उतारावरची माती

सडकेवर डांबर पडलं, तेव्हा मी कंग्राळीला नांदायला येऊन फार दिवस झाले नव्हते. माझं माहेर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. तिकडं पावसाळ्यात रस्ता असा उरतच नसे. जांभ्या दगडाची तांबडी वाट, तिच्यावरून पाणी वाहायला लागलं की वाट कुठली आणि ओहोळ कुठला हे फक्त जनावरांना कळायचं. ज्येष्ठातच मीठमिरची घरात भरून ठेवायची आणि दिवाळीपर्यंत बेळगावचं नाव काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं सासरी आल्यावर मला सगळ्यात नवल वाटलं ते ह्याचं, की इथली माणसं भर आषाढातसुद्धा रोज सकाळी बाजाराला जातात.

आम्ही भाजी पिकवायचो, भात पिकवायचो. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी डोक्यावर पाटी घेऊन पहाटे निघायचो आणि बेळगावच्या खडेबाजारात उन्हं येईपर्यंत पोचायचो. गाडीभर माल असला की मामंजी बैल जुंपायचे. गावातून निघालेली गाडीवाट मोठ्या सडकेला मिळायची. ही सडक बेळगावहून निपाणीवरून कोल्हापूरकडं जाणारी. मिळायची तिथून बेळगावच्या अंगाला एक उतार होता. उताराच्या पायथ्याला ओढा, ओढ्यावर दगडी मोरी, आणि मोरीच्या अलीकडं सडकेला एक बाक. दोन्ही बाजूंना जुने वड. उन्हाळ्यात निपाणीहून तंबाखूच्या बोदांनी, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांनी, भरलेल्या गाड्या यायच्या, त्या गाडीवाल्यांना तिथली सावली म्हणजे सुख वाटायचं. बैल सोडून ते तिथंच भाकरी खायचे.

जुनी सडक खडीची आणि मुरमाची होती. उन्हाळ्यात एखादी मोटार गेली की धुळीचा लोट उठायचा आणि पाटीतली कोथिंबीर तांबडी व्हायची. पावसाळ्यात चाकोरीत पाणी साचायचं, खडी उघडी पडायची. पण बैलाचा खूर तिच्यात रुतायचा आणि धरायचा. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नव्हतं. जे आहे ते कशामुळं आहे, हे ते जाईपर्यंत कुणाला कळतं!

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं ही. एका उन्हाळ्यात डांबराची पिंपं आली, चुली पेटल्या, काळा धूर वडांच्या वर चढला. पायांना गोणपाट बांधलेल्या बाया खडी टाकत होत्या, मागून इंजिनाचा रूळ फिरत होता. गाव बघायला जमलं. मामंजींनी तर हातानं डांबर चाचपून बघितलं आणि आठवडाभर ते डाग नखांतून गेले नाहीत.

"आता धूळ न्हाय, चिखल न्हाय," ते म्हणाले. "बैलाला वढायला हलकं झालं."

आणि खरंच हलकं झालं. त्या उन्हाळ्यात तेवढीच गाडी ओढून बैल परत आले की त्यांच्या तोंडाला फेस नसायचा. बाजारात आमची भाजी पहिल्यांदा स्वच्छ पोचली. पण वैशाखाच्या उन्हात परतीच्या वाटेला डांबर पाघळायचं. आम्ही सगळ्या अनवाणी. पाय ठेवला की चिकटायचा आणि सोडवला की पोळल्याचं कळायचं. आत्ती कडेच्या मातीत उतरल्या आणि म्हणाल्या, "ही सडक न्हाय बाई, तवा हाय." तेव्हापासून आम्ही बाया कडेनंच चालायला लागलो. सडक गाड्यांची, कड आमची.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट उघडकीला आली. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या माहेरच्यासारखा तो कोसळत नाही. येतो तो असा बारीक, झिमझिम, जणू कुणी चाळणीतून सोडतंय, आणि आठ-आठ दिवस थांबत नाही. कोसळणारा पाऊस सडक धुऊन नेतो. हा पाऊस ती धुवत नाही, नुसती ओली ठेवतो. त्यात वडांखाली तर पाऊस थांबला तरी पानं ठिबकत राहायची.

आषाढातला दिवस होता. मामंजी भाताची पोती घेऊन गिरणीला निघाले होते, मी पाटी घेऊन गाडीच्या मागं चालत होते. उतार लागला तसे मामंजी खाली उतरले आणि बैलांच्या पुढं झाले, दोन्ही कासरे हातात. बैलांच्या खुरांना नव्या पत्र्या मारलेल्या. उजवा तांबडा बैल चार पावलं नीट गेला आणि पाचव्याला त्याचे मागचे पाय दोन बाजूंना सरकले. मी असं कधी बघितलं नव्हतं. बैल पडतो तो एका कुशीवर. हा उभ्याउभ्या फाकला, पोटावर बसला, आणि मागून भरल्या गाडीचा भार जुवावर आला.

"दगड लाव! चाकाला दगड लाव!" मामंजी ओरडले.

मी पाटी टाकून दिली आणि कडेचा दगड उचलून चाकाखाली घातला. गाडी थांबली. मामंजींनी जुवाचं बंधन कोयत्यानं कापलं. तांबडा उठायचा प्रयत्न करत होता आणि लोखंडी पत्र्या डांबरावर खरखर वाजत होत्या, पण त्याला काही धरायला मिळत नव्हतं. शेवटी मागून आलेल्या गाडीवाल्यांनी घोंगडी त्याच्या पायांखाली घातली, तेव्हा तो उठला. उठला, पण मागचा एक पाय त्यानं टेकला नाही. खुबा निखळला होता.

हाडवैद्यानं जमेल ते केलं. गावातले लोक म्हणाले, आता हा कामाचा नाही, विकून वाटेला लावा. मामंजींनी गोठ्यात त्याच्यासाठी वाळलं गवत जास्त टाकलं, एवढंच. माझे सासरे बोलके नव्हते. त्यांना राग आला की ते काहीतरी काम काढायचे. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंगणात आले तर ते पाट्या आणि खोरं काढून उभे होते.

"बांधावरची माती काढायची," ते म्हणाले. "उतारावर टाकू. खुराला धरायला काय तरी पायजे."

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, बापाच्या शब्दाबाहेर नव्हते. तिघांनी मिळून गाडी भरली, राहिलेल्या एका बैलाला शेजाऱ्याचा बैल जोड घेतला आणि उताराच्या वरच्या टोकापासून मोरीपर्यंत माती पसरली. सडकेची देखभाल करायला एक मैलकुली होता, जवळच्याच गावचा. तो धावत आला.

"आप्पा, हे काय चालवलंय? सायबानं बघितलं तर मला हाकलून काढंल."

"साहेब बैल हाकतो काय रं?"

"न्हाय."

"मग त्याला काय कळतंय? तू आमाला बघितलंच न्हाईस म्हण."

तेवढ्यात निपाणीकडून आलेली एक गाडी त्या मातीवरून सावकाश, न घसरता खाली गेली. ते बघून तो परत फिरला.

माती उपयोगी पडली हे खोटं नाही. बैलांचे खूर धरायला लागले. गाडीवाले मामंजींना हात जोडायचे. कुणी तंबाखूची चिमूट पुढं करायचा, कुणी म्हणायचा, "आप्पा, तुमी पुण्याचं काम केलासा." मोठी सर आली की माती वाहून जायची, मग आम्ही परत टाकायचो. रोज दिवसाची सुरुवात तीच. मला ते काम आवडायचंही. शेतातलं काम आपल्या घरासाठी असतं, हे येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी होतं, आणि त्याचा एक वेगळाच हलकेपणा अंगात राहायचा. पाणपोई घालणाऱ्याला असंच वाटत असेल.

श्रावण लागला आणि मोठ्या सरी थांबल्या. नुसती झिमझिम. माती वाहून जाईना, पण आमचा हात थांबला नाही. रोज एक थर. वरून चाकांच्या लोखंडी धावा फिरायच्या आणि ती माती दळून दळून इतकी मऊ झाली की पायाखाली लोण्यासारखी लागायची. सावकाश जाणाऱ्या बैलाला ती अजून चालत होती, कारण त्याचा खूर जड, तो थर फोडून खाली टेकायचा. सगळेच काही बैल नव्हते.

त्या दिवशी आम्ही सडकेच्या जवळच्या शेतात भांगलत होतो. दुपारचा वेळ. घोड्याचं किंचाळणं ऐकू आलं आणि पाठोपाठ लाकूड मोडल्याचा आवाज. हातातली खुरपी टाकून आम्ही धावलो.

टांगा बाकावर सडक सोडून मोरीच्या कडेला आडवा झाला होता. एक चाक वर फिरत होतं. घोडा सुटून बाजूला उभा, गुडघे सोललेले, सगळं अंग थरथरत. टांगेवाला चिखलात बसला होता आणि उजवा हात डाव्या हातानं धरून होता. कोपराच्या खाली तो हात भलतीकडंच वळलेला. टांग्यात बेळगावजवळच्या वडगावची एक विणकराची बाई होती, लेकीला घेऊन माहेराहून परत निघालेली. तिच्या कपाळाला खोक पडली होती. लेक नुसती घाबरली होती, आईच्या पदराला धरून आवाज न करता रडत होती.

मी माझा पदर फाडून त्या बाईचं कपाळ बांधलं. ती सारखी एकच विचारत होती, "पोरगी बरी हाय न्हवं? पोरगीला लागलं न्हाय न्हवं?" मालकांनी टांगेवाल्याला उठवलं. सगळ्यांना घरी आणलं. आत्तींनी चुलीवर हळद-दूध ठेवलं, हाडवैद्याला निरोप गेला.

टांगेवाला पन्नाशीचा, बेळगावातल्या किल्ल्याजवळ राहणारा मुसलमान गृहस्थ. दाढी पिकलेली, बोलणं आमच्यासारखंच, अधूनमधून त्याच्या घरची भाषा. ओट्यावर बसून तो दुखण्यापेक्षा रागानंच जास्त कण्हत होता.

"इतकी वर्सं टांगा हाकतोय मी," तो म्हणाला. "डांबरावर घोडं कसं धरायचं ते शिकलो. वरनं खाली बघत यायचं, लगाम असा थोडा ढिल्ला. पण हे काय? लोणी फासलंय सडकंला! कुणी टाकली रं ती माती? कुणाचं डोकं फिरलंय?"

आत्तींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मालक माझ्याकडं बघत होते, मी दाराच्या चौकटीकडं.

मामंजी अंगणात घोड्याच्या गुडघ्यांना तेल-हळद लावत होते. ते उठले, हात पुसले आणि ओट्याजवळ येऊन उभे राहिले.

"मी टाकली," ते म्हणाले.

टांगेवाल्याला आधी कळलंच नाही. "काय?"

"ती माती मी टाकली. रोज टाकतोय."

टांगेवाला त्यांच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार, आणि द्यायला त्याला हक्क होता. पण तो एवढंच म्हणाला, "का?"

मामंजी म्हणाले, "उठता येतंय काय तुमाला? या." आणि त्याला गोठ्यात घेऊन गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. तांबडा बैल तीन पायांवर उभा होता, चौथा पाय जमिनीला फक्त बोटभर टेकलेला. टांगेवाल्यानं त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. जनावराचा माणूस होता तो, हात ठेवण्यातूनच ते दिसलं.

"तिथंच पडला?"

"तिथंच. डांबरावर."

"हम्म." तो हात तसाच ठेवून म्हणाला, "तुमी बैलासाठी माती टाकली आप्पा. पर त्या सडकंवरनं घोडं बी जातंय. त्याचं कोण बघणार?"

ह्या प्रश्नावर मी पुढं कितीतरी वर्षं विचार केला आहे. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. बैलाला हवी ती सडक घोड्याला नको, घोड्याला हवी ती रबरी चाकाला नको, आणि आम्हा अनवाणी बायांना त्यातली कुठलीच नको. शिवाय वर आभाळ, ते महिन्या-महिन्याला बदलणार. एकाच वाटेनं सगळ्यांना जायचं असतं, त्यामुळं कुणाचं तरी भलं करायला जावं तर त्याच मातीवर दुसरा कुणी तरी घसरतो. मामंजी त्या दिवशी गोठ्यात उभे राहून मान खाली घालून नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते.

संध्याकाळच्या आत मालकांनी वडगावच्या बाईला आणि तिच्या लेकीला गाडीनं घरी पोचवलं. उताराच्या जागी दोघींना खाली उतरवून, हात धरून चालत नेलं. टांगेवाल्याच्या हाताला हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. त्याचा भाऊ येईपर्यंत तो आमच्याच ओट्यावर राहिला. मामंजींनी त्याच्याजवळ बसून बैलांच्या, घोड्यांच्या गोष्टी केल्या, पण मातीचा विषय दोघांनीही काढला नाही.

टांगा उलटल्याची खबर वर गेली आणि एक-दोन दिवसांत ओव्हरसियर सायकलवरून आला. धारवाडकडचा तरुण माणूस, बोली कानडी, मराठी मोडकीतोडकी. उतारावर मैलकुलीला उभा करून तो विचारत होता, ही माती कुठून आली. आमचं नाव सांगायला मैलकुलीचं मन घेईना, आणि न सांगावं तर त्याचंच पोट. मामंजी शेतातून सडकेवर चढले. मी आणि मालक मागं.

"त्याला काय इचारू नका साहेब. माती माझी."

ओव्हरसियरनं त्यांच्याकडं बघितलं, मग खाली वाकून चिमूटभर चिखल उचलला आणि दोन बोटांत चोळला. बोटं एकमेकांवरून सरकली. त्यानं तीच चिमूट मामंजींच्या बोटांत दिली.

"बघा. घसरते का नाही? ह्याच्यात चिकण आहे. शेताला चांगली, सडकेला मण्णु बेडा, अज्जा. माती नको."

"मग बैलानं काय करायचं साहेब?"

तो सडकेवर इकडून तिकडं चालत गेला, बुटाच्या टाचेनं एका जागची माती सरकवून खालचं काळं डांबर बघितलं. ते काचेसारखं चकाकत होतं.

"इथं डांबर जास्त पडलं," तो म्हणाला. "वडाच्या सावलीत गार होतं म्हणून आमच्या लोकांनी जास्त ओतलं असेल. उन्हाळ्यात ते वर आलं आणि खडी खाली बसली. चूक आमची पण आहे. वरून जाड कच, दगडाचा चुरा, टाकून दाबायला पाहिजे."

"मग टाका की. मी पोरं घेऊन येतो."

"आता नाही धरणार. थंड आहे, ओलं आहे. उन्हात डांबर मऊ होईल तेव्हा टाकायचं. पावसाचं काम पावसात होत नाही, अज्जा."

मामंजींनी त्याच्यापुढं हात जोडले आणि शिक्षा काय ते विचारलं. ओव्हरसियर म्हणाला, "माती काढून टाका. सगळी."

मग आम्ही ती काढली. घालताना आनंदानं घातलेली माती काढताना किती जड असते ते मला तेव्हा कळलं. खोऱ्यांनी खरवडली, ओढ्यातून घागरी भरून आणून ओतल्या, खराट्यानं घासली. ज्या गाडीवाल्यांनी हात जोडले होते, ते थांबून विचारायचे, "का काढतासा आप्पा? चांगली होती की." मामंजी प्रत्येकाला सांगायचे. टाळलं नाही, की दुसऱ्यावर ढकललं नाही. "माझ्या मातीवर टांगा उलटला. एका माणसाचा हात मोडला, एका बाईचं डोकं फुटलं." एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा. ते ऐकून मला रडू यायचं, आणि आत्ती म्हणायच्या, "बोलू दे त्यांना. त्यांना बोलायलाच पायजे."

उरलेल्या पावसाळ्यात झिमझिम असली की मामंजी घोंगडं पांघरून उताराच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहायचे. गाडी आली की गाडीवाल्याला खाली उतरवायचे, गाडीच्या मागं दोर बांधून एक ओंडका ओढत न्यायला लावायचे, बैलांना कडेच्या कच्च्या पट्टीवरून घ्यायला सांगायचे. पट्टीतही चाकं रुतायची, मग सगळे मिळून ढकलायचे. शेतातली कामं मालकांवर आणि आम्हा बायांवर पडली. कुणी तक्रार केली नाही, पण एकदा जेवताना मालक म्हणाले, "आप्पा, जलमभर का राखण करणार तुमी सडकंची?" मामंजी म्हणाले, "ऊन पडूस्तोवर."

वडगावच्या बाईकडून त्याच पावसाळ्यात एक नवं लुगडं आलं, तिच्या घरच्या मागावरचं. मी फाडलेल्या पदराच्या बदल्यात. निरोप होता, जखम भरली, पोरगी अजून टांग्यात बसायला भिते. ते लुगडं हिरवं होतं, तांबड्या काठाचं. मी ते नेसले की मामंजी तिकडं बघायचे नाहीत.

पुढच्या चैत्रात ओव्हरसियरनं शब्द पाळला. उताराच्या कडेला कचेचा ढीग पडला, जाड, कडक, मातीचा कणही नाही. भर दुपारी, डांबर मऊ व्हायच्या वेळेला, मैलकुली आणि त्याच्याबरोबरची माणसं कच पसरायला लागली. मामंजींनी गावात नुसता शब्द टाकला आणि बरीच माणसं गेली. आम्ही बायांनी पायांना गोणपाट बांधलं. खालून डांबराची धग, वरून ऊन, पाटी डोक्यावरून उतरवली की मान सरळ होत नसे. रूळ नव्हता, म्हणून तंबाखूच्या भरल्या गाड्याच मुद्दाम पुन्हापुन्हा त्याच्यावरून फिरवल्या. त्या निपाणीच्या गाडीवाल्यांनी हूं की चूं केलं नाही. ओव्हरसियर टोपी काढून घाम पुसत होता. मामंजी त्याला म्हणाले, "साहेब, आता धरंल न्हवं?"

"बैलाला धरेल. घोड्याला पण."

"मोटारीला?"

तो हसला. "मोटारीला काय. मोटारीला सगळंच धरतं."

कच धरली. त्या पावसाळ्यात उतारावर एकही बैल पडला नाही. आदल्या दसऱ्यानंतर परत टांगा हाकायला लागलेला आमचा टांगेवाला पावसात पहिल्यांदा तिथून गेला तेव्हा मी भाजीची पाटी घेऊन कडेला होते. त्याचा उजवा हात कोपराखाली थोडा वाकडाच राहिला होता, लगाम तो आता डाव्या हातात धरायचा. उताराच्या तोंडाशी तो खाली उतरला, घोड्याच्या कानाशी काही पुटपुटला आणि चालत, पाऊल पाऊल, त्याला मोरीपलीकडं घेऊन गेला. पलीकडं जाऊन वर बघितलं. मामंजी सवयीनं वरच्या टोकाला उभेच होते. त्यानं वाकडा हात वर केला. मामंजींनीही केला. एवढंच. पुढं तो बाजारच्या दिवशी कधीमधी घरी यायचा, तांबड्याच्या पाठीवर हात फिरवायचा, चहा प्यायचा. तांबडा तसाच तीन पायांवर काही वर्षं जगला आणि आपल्या मरणानं मेला.

सगळ्यांचं भलं झालं असं मात्र मी म्हणणार नाही. ती जाड कच आमच्या तळपायांना काट्यासारखी टोचायची. आत्ती म्हणाल्या, "बैल सुखी झालं, घोडं सुखी झालं. बायकांच्या पायांचा ओव्हरसियर अजून जलमाला यायचाय." आम्ही कडेच्या पट्टीवरून चालत राहिलो. आणि निपाणीची माणसं नेणारी सर्व्हिस मोटार, जी पूर्वी उतारावर जपून यायची, ती आता चाकं धरतात म्हणून जोरात यायला लागली. एकदा तिनं आमच्या शेजारणीच्या पाटीला धक्का दिला, दोडके ओढ्यात गेले. शेजारीण वाचली. लढाईच्या दिवसांत तर बेळगावच्या छावणीतून लष्कराच्या लॉऱ्यांची रांगच लागायची. त्यांनी सडक उखडली, मग ती रुंद झाली, परत डांबर पडलं, कडेची पट्टी त्यात गेली. पण उतारावर चैत्रात कच टाकायची, हे गावानं सोडलं नाही. मैलकुली बदलले, ओव्हरसियर बदलले, उन्हं तापली की कुणी ना कुणी विचारायचंच, "औंदा कच कवा?"

मामंजी म्हातारे झाले. शेवटी त्यांना दिसायचं कमी, ऐकू मात्र चांगलं यायचं. सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून असायचे. श्रावणातला एक दिवस आठवतो. बाहेर बारीक झिमझिम लागली होती, रोप लागलेली शेतं हिरवीगार पसरली होती. शेजारचा एक शेतकरी पावसातून आला, घोंगडं झटकून त्यांच्याजवळ बसला. तो खुशीत होता.

"आप्पा, लई चांगला पाऊस लागलाय."

मामंजींनी सडकेच्या बाजूला कान केला.

"व्हय," ते म्हणाले. "भाताला चांगलाय."